थंडी हाय, वारा नाय

फ्रिजचं दार उघडलं की आमचे मिस्त्री आत बघायचेच नाहीत. डोळे मिटायचे आणि आतल्या भिंतीत वरच्या बाजूला जी बारीक भोकं असतात, त्यांच्यासमोर उलटा हात धरायचे. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. घरातली माणसं गप उभी राहायची. मग मिस्त्री डोळे उघडून निकाल द्यायचे, "थंडी हाय. वारा नाय."

मुरबाडच्या बाजारात माझं फ्रिज-पंख्यांचं दुकान आहे. माल बिघडला की गिऱ्हाईक आधी माझा उद्धार करतं, मग तक्रार सांगतं. त्यातली एक तक्रार ठरलेली: वर दगडासारखा बर्फ आणि खाली दूध नासतंय. त्याचं निदानही गिऱ्हाइकानेच करून ठेवलेलं असतं, की गॅस गेला. तुम्हीही हेच म्हणाला असतात, खोटं सांगू नका. एका शाळामास्तरांनी तर मिस्त्रींना अर्धा तास ते पटवून दिलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गॅस गेला असता तर वर बर्फ कशानं धरला असता, गुरुजी?" गुरुजी चहा आणायला आत गेले.

मग मिस्त्री समजावून सांगायचे. थंडी तयार होते ती वरच, बर्फाच्या कप्प्यामागे. तिथला पंखा ती खाली ढकलतो. पंखा अडला, मागे बर्फाची भिंत चढली, नाहीतर माणसांनीच सामान कोंबून भोकं बुजवली, तर थंडी वरच अडकून बसते. बर्फ चढला असेल तर फ्रिज बंद करून दार दिवसभर उघडं ठेवायचं. कोणी सुरी किंवा उलथनं घेऊन बर्फ फोडायला धावलं की ते हात धरायचे. "त्याला वितळू द्या. आपुन चा पिऊ."

भोकं बुजवण्यात मात्र आमचा मुरबाड आणि शेजारचा शहापूर, दोन्ही तालुके पटाईत. वरचा कप्पा इतका गच्च भरलेला, की दार लावायला गुडघा लावावा लागतो. तो रिकामा करताना मिस्त्री एकेक पुडकं हातात घेऊन विचारायचे, "ह्ये कुनाचं?"

डोळखांबकडच्या एका पाड्यावर मी त्यांना गाडीवर घेऊन गेलो होतो. म्हातारी एकटी. नातू भिवंडीला गोदामात कामाला, त्याने हौसेने दोन दारांचा फ्रिज पाठवलेला. तिने फ्रिजला हळदकुंकू लावून ठेवलं होतं. मिस्त्रींनी वरून एक डबा काढला.

"आजी, ह्ये कुनाचं गो?"

"नातवाचं. चिंबोऱ्या हायेत. त्याला लय आवडतात."

"आन् ह्ये?"

"ह्यो आमरस लेकीचा. ती काय आंब्याच्या टायमाला येत नाय."

असे अकरा डबे निघाले. मी दारात उन्हात उभा, अजून तीन घरं बाकी. शेवटी ओरडलो, "मिस्त्री, फ्रिज दुरुस्त करा, खानेसुमारी नको!"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "शेठ, खालचा माल घरात हायेत त्यांचा. वरचा, जे घरात नाय त्यांचा. न इचारता कसा काढू?"

आणि अकराही डबे त्यांनी परत आत लावले, फक्त मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडून. "समदं ऱ्हाऊ दे, आजी. पन येवढी वाट सोड."

मला राग यायचा त्यांच्या या संथपणाचा. आता दुकानात नवा मुलगा आहे, तो एका दिवसात सात घरं उरकतो. गिऱ्हाइकं खूश आहेत. मीच उगीच चिडचिड करतो.

मिस्त्री किन्हवलीच्या अलीकडे एका गावात राहायचे आणि एसटीने दुकानात यायचे. बायको वारलेली, एक मुलगी. मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हा मिस्त्री तिला एकच वाक्य बोलले होते, "या दारात परत येऊ नको." ती नाशिकला गेली आणि बापाचं ऐकून राहिली. हे मला त्यांच्या गाववाल्यांकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत, आणि कोणाला घरीही नेत नसत.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते चार दिवस आले नाहीत. ताप असल्याचं कळलं म्हणून मी बायकोने दिलेला पेजेचा डबा घेऊन गेलो. घर स्वच्छ, भांडी पालथी. मिस्त्री खाटेवर. डबा ठेवायला फ्रिज उघडला तर आंबट वास आला. दूध फाटलं होतं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडून मलाही सवय लागली होती, मी उलटा हात धरला. वारा नव्हता.

वरचं दार उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशव्या, एकावर एक, थेट मागच्या भिंतीपर्यंत दाबलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, आणि त्यांच्या वळणदार अक्षरात "शेवळं", खाली साल. अशा चार सालांच्या पिशव्या. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या रानात शेवळं, म्हणजे एका रानभाजीचे कोंब, उगवतात, जेमतेम महिनाभर मिळतात. साफ करायला किचकट, नीट केली नाहीत तर घसा खाजवतो. या माणसाने दरवर्षी ती निवडून, तेलात परतून मुलीसाठी ठेवली होती.

"मिस्त्री, तुमच्याच फ्रिजला वारा नाही," मी म्हणालो.

"म्हायत हाय मला."

"मग थोडं काढा ना!"

ते आढ्याकडे बघत म्हणाले, "कुठल्या सालाचं काढू?"

मी म्हटलं, तिला फोन करा. ते म्हणाले, "तोंडानं मी बोल्लो व्हतो. तिनं काय म्हनून यावं?" म्हटलं, मग मी करतो. तर हात उचलून नको म्हणाले. "मीच करतो. औंदा शेवळं आली की सांगतो तिला, शेवळं आलीत म्हनून. येवढंच सांगतो. ती समजंल."

शेवळं आली. मिस्त्रींनी माझ्या घरीही एक जुडी आणून दिली. मी विचारलं, "केला फोन?" "करतो, करतो." गणपतीत विचारलं, दिवाळीत विचारलं. प्रत्येक वेळी "करतो, शेठ." तिचा नंबर माझ्याकडे होता. अडीअडचणीला असावा म्हणून त्यांनी एकदा दुकानाच्या वहीत लिहून दिला होता. ती वही माझ्या गल्ल्यापाशी असते, रोज हाताखाली यायची. मी फोन केला नाही. त्यांनीच नको म्हटलं होतं असं मी सांगतो, पण खरं म्हणजे मला वाटलं होतं, वेळ आहे.

थंडीत एका सकाळी मिस्त्री झोपेतच गेले. मग मी तो नंबर लावला.

ती आली, बापाचं सगळं केलं. तेराव्यानंतर मला म्हणाली, "काका, फ्रिज चालू आहे पण खाली गार होत नाही. बघता का?" मी म्हटलं, बघायला नको, वरचा कप्पा रिकामा कर. तिने पहिली पिशवी ओढून काढली, अंगठ्याने बर्फ पुसला, साल वाचलं. ती गेली त्या वर्षीचं.

इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हे कुणाचं?"

जीभ चावली मी. तिने सगळ्या पिशव्या काढल्या. शेवटची त्याच पावसाळ्यातली होती. त्या मांडीत घेऊन ती तशीच जमिनीवर बसली. पदर ओला झाला तरी उठली नाही. मग म्हणाली, "माझं आहे."

मला तिथे उभं राहवेना. मागीलदारी जाऊन परत आलो तेव्हा ती चूल पेटवत होती. "काका, शेजारून जरा चिंच आणता? नाहीतर खाजतील." ती शेवटची पिशवी तिने शिजवायला घेतली होती. आम्ही दोघं जेवलो. तिच्या हाताला वळण आईचं असेल, चव मात्र निवडणाऱ्याची होती. घशाला जरासुद्धा खाज नाही.

जेवण झाल्यावर मी फ्रिजपाशी गेलो, उलटा हात धरला. वारा येत होता, चांगला गार. तिला तसं सांगितलं. ती आली, भाजीची एक वाटी तिने वेगळी काढून झाकली होती. ती तिने वरच्या कप्प्यात ठेवली, मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडून, आणि दार हलकेच लावलं.