वळणावरचा उताणा आरसा

प्रेमला मॅडम आष्टीच्या रस्त्यावरच्या एका गावात विज्ञान शिकवतात. त्या वर्गात बोलल्या की रस्त्यापलीकडच्या गिरणीत ऐकू जातं. गाव त्यांना घाबरतं आणि पाठीमागे ‘तापलेला तवा’ म्हणतं. म्हणू दे. तापायला कारण मिळत नाही असा एक दिवस तरी या गावानं त्यांना दाखवावा!

शाळेच्या वाटेवर एक वळण आहे. दोन्हीकडे ऊस वाढला की पलीकडून काय येतंय ते काही दिसत नाही, आणि नेमके तेव्हाच कारखाने सुरू होतात. मग उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून तिथून सुटतात. वस्तीवरची पोरं याच वळणावरून सायकलनं येतात. एखादं पोर इथं चाकाखाली जाईल, या भीतीनं मॅडमच्या जिवाला घोर लागला होता. वळणावर आरसा बसवा म्हणून त्या हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागल्या. शेवटी गावचे पुढारी अण्णासाहेब म्हणाले, “मॅडम, आरसा माझ्याकडून.”

आरसा आला. चकचकीत स्टीलचा, पालथ्या परातीसारखा फुगीर. मॅडमनी घरून पळी आणली आणि वर्गातल्या प्रत्येकाला तिच्या पाठीत तोंड बघायला लावलं. फुगीर आरशात सगळं सुलटं दिसतं, पण लहान. लहान दिसतं म्हणूनच रस्त्याचा मोठा भाग त्यात मावतो. “लहान दिसला म्हणून ट्रॅक्टर लांब आहे असं समजू नका,” त्यांनी बजावलं. “आणि आरशात बघितल्याशिवाय वळायचं नाही. बिलकुल नाही!”

उद्घाटनाच्या दिवशी मॅडम दहावीची पोरं घेऊन घनसावंगीला विज्ञान प्रदर्शनाला गेल्या होत्या. इकडे टेबलावर आरसा मांडला, नारळ फुटला, अण्णासाहेब फोटोसाठी वाकले आणि त्यांचा चेहराच पडला.

“ह्यात तर मी लिंबाएवढा दिसून राह्यलो! आन् ही सारी गर्दी कशाला पाह्यजे ह्यात?”

त्यांनी आरसा उचलून उताणा केला. मागची खोलगट बाजूही तितकीच चकचकीत होती. जवळून बघितलं तर मिशीचा केस न् केस दिसला.

“हां! असाच लावा. गाडी मोठी दिसली तर पोरं जल्दी सावध व्हतील.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आरसा बसवणाऱ्या वसंतानंही डोलावली. खोलगट आरसा तोंड जवळ असेपर्यंतच मोठं दाखवतो. लांबचं सगळं तो उलटं करतो, खाली डोकं वर पाय, आणि या कडेचं त्या कडेला. खांबावर चढवल्यावर ते गावाला दिसलंही. मग काय केलं गावानं? हसलं. चाकं वर केलेले ट्रॅक्टर मोबाइलवर टिपून एकमेकांना धाडले. आरसा फिरवून लावावा, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवीतली आकांक्षा वळणाशी आली. शिकवल्याप्रमाणे थांबली, आरशात बघितलं. उलटा ट्रॅक्टर एका कडेनं येताना दिसला, म्हणून तिनं सायकल दुसऱ्या कडेला घेतली. ट्रॅक्टर त्याच कडेनं आला. ड्रायव्हरनं कसाबसा वळवला म्हणून जीव वाचला. पोर नालीत पडली आणि तिचा हात मोडला.

दवाखान्यात ती रडत नव्हती. “मॅडम, मी आरशात बघितल्तं,” एवढंच म्हणत होती. “तुमी सांगितल्तं तसंच केल्तं.”

ते ऐकून मॅडमच्या अंगाची लाही लाही झाली. मस्ती करून पडली असती तर तिच्यावर ओरडता तरी आलं असतं. ही त्यांचं ऐकून पडली होती.

आरसा उताणा का लावला ते वसंताकडून कळलं, तशा त्या तडक अण्णासाहेबांच्या बैठकीत गेल्या आणि पळी त्यांच्या हातात दिली. “हिच्या पोटात बघा. हात लांब करून. काय दिसतं?”

“उलटा दिसून राह्यलो.” अण्णासाहेब ओशाळले. “मॅडम, मी तर चांगलं करायला गेल्तो. आरसा माझ्या खर्च्यानं आणल्ता.”

“आणला म्हणून तो तुमच्या मिशा बघायला होता का?” मॅडम कडाडल्या. “तुम्हाला लहान दिसायचं नव्हतं म्हणून त्या लेकराचा हात मोडला!”

मॅडमनी तिथूनच वसंताला शिडी घेऊन चलायला सांगितलं. तो आरसा फिरवेपर्यंत त्या भर रस्त्यात उभ्या राहून ट्रॅक्टर अडवत होत्या. एकानं हॉर्न वाजवला, त्याला त्यांनी असं झापलं की त्यानं गाणीही बंद केली.

प्लॅस्टर निघाल्यावर आकांक्षा पुन्हा शाळेला निघाली, तेव्हा मॅडम मुद्दाम वळणावर थांबल्या. पोर आली, सायकलवरून उतरली आणि मान खाली घालून उसापलीकडची चाहूल घेत उभी राहिली.

“आकांक्षा, आरसा आता बराबर आहे. मी स्वतः बघितलाय.”

“व्हय मॅडम,” ती म्हणाली. पण वर बघितलं नाही. पलीकडून आवाज येत नाही याची खात्री करून तिनं सायकल हातानं ढकलत वळण पार केलं.

मॅडमनी आरशात बघितलं. रस्ता सुलटा होता, त्यावरून चाललेली पोर सुलटी होती. अण्णासाहेबांवरचा त्यांचा राग जरा निवला होता, तो तिथं उभ्या उभ्या पुन्हा पेटला.