त्रेचाळीसाव्या पानावरची खूण

देव मी सवयीने मानतो, भुतं अजिबात नाही. घरी लाईट बिल आलं तरी आधी मीटरचं रीडिंग स्वतः बघणारा माणूस मी... तरी हे लिहितोय.

आम्ही उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये राहतो. आई ऐंशीची, हात सतत थरथरतात. जवळच्या वाचनालयाची ज्येष्ठांसाठी घरपोच सेवा आहे — दर बुधवारी कविताभाभी पिशवीतून पुस्तकं आणतात. माझे वडील, अण्णा, जाऊन चार वर्षं झाली. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून ते त्रेचाळीसाव्या पानावर, आकड्याखाली पेन्सिलीने एक रेघ आणि दोन ठिपके काढत. घरात नियमच होता — आधी अण्णा वाचणार, मग आई.

यंदा आईच्या हातातल्या पुस्तकात ती खूण दिसली. जुनं असेल म्हटलं. छपाईचं साल बघितलं, तर यंदाचंच. मग मोजायला लागलो. नऊ पुस्तकं, नऊ खुणा. त्यातली सहा अण्णा गेल्यानंतर छापलेली.

मला भाभींचाच संशय आला. म्हातारीचा विश्वास मिळवायचा... पुढे काय, कोण जाणे.

"भाऊ, मी कशाला पेन्सिल मारू?" त्या म्हणाल्या. "मराठीचं एक पान वाचेपर्यंत माझी चाय थंडी होते."

मी लेखी तक्रार दिली. त्यांचं काम थांबलं आणि आईचं वाचनही.

"मोठा शहाणा तू," आई म्हणाली. "आता यांची वाचून झालेली पुस्तकं कोण आणणार?"

मग मीच कल्याणहून सीलबंद कादंबरी आणली. घरी प्लॅस्टिक फाडलं, २१६ पानं एकेक करून उलटली. कुठेच खूण नाही. पुस्तक कपाटात, कपाटाची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात. सकाळी ते आईला दिलं. तिने सरळ त्रेचाळीसावं पान काढलं.

"हं. झालंय यांचं वाचून."

रेघ, दोन ठिपके. रेघ अगदी सरळ. आईला तर चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

तक्रार मागे घ्यायला गेलो, तर अर्जात 'कारण' असा रकाना होता. दहा मिनिटं पेन धरून बसलो. शेवटी 'गैरसमज' लिहून सही केली. कोणाचा, कशाबद्दल — ते आजही मला सांगता येणार नाही.

बुधवारी भाभी आल्या. पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आधी चेक करा भाऊ, मग आत न्या."

मी ती न उघडताच आईकडे दिली. लाईट बिल अजून तपासतो. त्रेचाळीसावं पान नाही.