दोऱ्याने वाकणारी पट्टी

त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. साल बहात्तर असेल. नगरच्या आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या टेबलावर, मिठाच्या पाण्यात, मीच बनवलेली जेलीसारखी मऊ पट्टी होती. वीज सोडली की ती बोटासारखी वाकायची. पण वाकायला पाच मिनिटं लागत आणि लोक तेवढे थांबत नसत. म्हणून मी तिला नायलॉनचा बारीक दोरा बांधला आणि टेबलाखालून ओढत राहिलो.

जामखेडकडचा एक माणूस सकाळपासून तिथून हलला नाही. गुऱ्हाळाच्या चरकात त्याचा उजवा पंजा गेला होता. पट्टी वाकली की तो डाव्या हाताची बोटं तशीच मिटायचा.

संध्याकाळी म्हणाला, "मास्तर, पुन्याचा डाक्टर लाकडी हात देतोय. त्याला न्हाई म्हनून सांगतो. ह्या पट्टीचाच हात बरा, जित्ता वाटतो. दोन सालात व्हईल न्हवं?"

शेजारी प्राचार्य कौतुकाने हसत उभे होते.

"होईल की," मी म्हणालो.

"मंग थांबतो."

कसली धाड भरली होती मला? दिवसभर उभा राहिलेला माणूस पाच मिनिटं थांबला नसता? खरी पट्टी किती रेंगाळत वाकते ते बघून त्याने मुकाट लाकडी हात घेतला असता.