सापडू नये म्हणून वाचलेलं पुस्तक

पुस्तक हातात आलं तेव्हा मी आधी ते पालथं केलं. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून जन्म गेलेल्या माणसाची ही खोड आहे. समोरचा काय दाखवतोय ते नंतर, आधी काय झाकतोय ते बघायचं. पाठीवर लेखकाचा फोटो होता, टाय लावलेला, हाताची घडी घातलेला. खाली चार जणांनी पुस्तकाचं तोंड भरून कौतुक केलं होतं, पण नावाच्या जागी नुसतं एकेक अक्षर आणि पुढं शहर. आडनाव नाही, पत्ता नाही, धंदा नाही. बसमध्ये कुणी मला स्वतःची एवढीच माहिती दिली असती तर मी त्याला तिथंच खाली उतरवलं असतं.

पुढच्या बाजूला लिहिलं होतं, इंटरनेटवर कुणीही काही शोधलं की तुमचंच पान सगळ्यात वर दिसेल, तेही आठवडाभरात. जो माणूस विचारायच्या आधीच खात्री देतो त्याच्या खिशात तिकीट नसतं, हा माझा अनुभव. पुस्तकावर माझा पहिल्या पानापासून विश्वास नव्हता.

ते आणलं होतं माझ्या मुलीनं. मी इथं कुणाचंच नाव लिहिणार नाही, तिचंही नाही. मधल्या काळात नाव न घ्यायची सवय लागली, ती काही अजून सुटलेली नाही.

मुलगी भूमला एक खोली भाड्यानं घेऊन ब्लाउज शिवायची आणि त्यावर आरी वर्क करायची. कापड चौकटीवर ताणायचं आणि आकड्याच्या सुईनं मणी, धागा भरत जायचं, असं ते काम. आमच्या बौद्ध समाजात नवरी पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहते. पांढऱ्यावर पांढरं भरून ते उठून दिसलं पाहिजे, आणि ते हिला जमायचं. बाप म्हणून सांगत नाही, काम खरंच बघण्यासारखं होतं.

ती भूमला का होती, आमच्याकडं जळकोटला का नव्हती, ते सांगायला हवं. नवरा मारायचा. एकदा पोलिसांत अर्ज दिला, त्यानं माफी लिहून दिली, पुन्हा तेच. शेवटी ती अंगावरच्या कपड्यानिशी निघाली. जळकोटला आली असती तर तो दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहिला असता, म्हणून आम्ही तिला भूमला ठेवलं आणि गावात सगळ्यांना पुण्याचं सांगितलं. ताकास तूर लागू दिली नाही.

तो आलाच. शांतपणे बसला, चहा प्याला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी पुणं पुणं म्हणत राहिलो. तो मान डोलवत होता आणि बोलता बोलता मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. मी शेजारीच होतो. शेजारच्याच्या हातातलं वाचायची मला सवय आहे. तो माझ्या मुलीचं नाव टाकत होता, पुढं स्वतःचं आडनाव. काही निघालं नाही. मग त्यानं मोबाइल खिशात घातला आणि हसत म्हणाला, "मामा, आजकाल कुणी लपून ऱ्हात न्हाय. आज न्हाय तर उद्या, नाव टाकलं की निघतंयच."

त्या दिवसापासून मला त्या शोधणाऱ्या यंत्राची भीती बसली. माणसाला चुकवता येतं. मी भूमला जायचो तेव्हा कधी तुळजापूरला बस बदलायचो, कधी येडशीला उतरून दुसरी धरायचो, आणि भूम आलं तरी स्टँडच्या एक थांबा आधीच उतरून चालत जायचो. पण खोलीत बसून नाव टाकणाऱ्याला कसं चुकवायचं, ते मला माहीत नव्हतं.

अशात भूमला बायकांसाठी संगणकाचा वर्ग भरला. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना आपापल्या कामाचं एक पान इंटरनेटवर करायला लावलं आणि वर हे पुस्तक दिलं. मुलीला पान हवं होतं, कारण गिऱ्हाइकं सारखी डिझाइन मागायची आणि प्रत्येकीला फोटो पाठवून ती वैतागायची. पण तिलाही भीती होतीच. तिनं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं.

"पप्पा, तुमी वाचा. ह्यानं पान सगळ्यांना दिसतंय म्हणं. मला सगळ्यांना दिसायचं न्हाय. गिऱ्हाइकाला दिसावं आन त्याला दिसू नये, असं कायतरी सांगा."

मी पुस्तक जळकोटला आणलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. भाषा मराठी होती, निदान अक्षरं तरी. पहिली तीन प्रकरणं वाचून माझं डोकं दुखायला लागलं. मोठमोठ्या बाता, मधे मधे बाण काढलेल्या आकृत्या, आणि दर पानावर यश हा शब्द. मनात म्हटलं, हा गडी रस्ता सांगत नाही, नुसता हॉर्न वाजवतोय. मग मागच्या बाजूला एक प्रकरण सापडलं, 'नवशिक्यांच्या चुका'. या चुका केल्यात तर तुमचं पान कुणालाही, कधीही सापडणार नाही, अशी त्यात लेखकानं तंबी दिली होती.

मी ताठ बसलो. आम्हाला हेच तर हवं होतं.

पुढच्या खेपेला मी आणि मुलगी ते प्रकरण घेऊन बसलो आणि लेखकानं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते ते मन लावून केलं. तो म्हणत होता, गिऱ्हाईक जे शब्द टाकून शोधेल तेच पानाच्या मथळ्यात घाला. आम्ही मथळ्यात 'नवीन पान' एवढंच ठेवलं. तो म्हणत होता, गावाचं नाव द्या. आम्ही भूमचा भ सुद्धा येऊ दिला नाही. यंत्राला चित्रातली अक्षरं नीट वाचता येत नाहीत, म्हणून मजकूर कधी फोटोत टाकू नका, असं त्यानं चौकट काढून लिहिलं होतं. आम्ही माप कसं द्यायचं, किती दिवस लागतील, सगळं कागदावर हातानं लिहून त्याचेच फोटो टाकले. ज्याला आपण स्वतः दुवा पाठवू त्यालाच पान उघडता येईल, बाकी जगाला ते नसल्यासारखं. मुलगी पहिल्यांदाच एवढी हसली.

"लेखकानं बघितलं तर रडंल बिचारा," ती म्हणाली.

एक सूचना तेवढी अवघड होती. समाधानी गिऱ्हाइकाला आपल्याविषयी चार शब्द लिहायला सांगा, लेखक म्हणत होता, कारण आपण स्वतःविषयी काय बोलतो त्यापेक्षा दुसरे काय बोलतात त्याला यंत्र जास्त मानतं. हे मात्र मला पटलं. मीही कंडक्टरला काही विचारण्याआधी प्रवाशांना विचारायचो. म्हणून मुलीनं प्रत्येक गिऱ्हाइकाला ब्लाउज देताना सांगायला सुरुवात केली, कुणाला सांगू नका बरं का. एका बाईनं ब्लाउज उलटासुलटा करून बघितला आणि हळूच विचारलं, "ताई, कापड चोरीचं तर न्हाय ना?"

तेव्हापासून माझा रोजचा एक कार्यक्रम ठरला. सकाळी चहाच्या आधी मोबाइल घ्यायचा आणि मुलीचं नाव टाकायचं. कधी त्याच्या आडनावानं, कधी आमच्या, कधी नुसतं नाव आणि भूम. मग आरी वर्क, पांढरा ब्लाउज, सुचेल ते. बायको चुलीपाशी उभी असायची.

"निघालं का?"

"न्हाय."

"बरं झालं," म्हणून ती दूध उतू जायच्या आत गॅसकडं वळायची. घरात गॅस येऊन जमाना झाला तरी आम्ही त्या कोपऱ्याला चूलच म्हणतो. आमचा दिवस त्या एका 'न्हाय'वर सुरू व्हायचा. पुस्तक उपयोगाचं आहे का, असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं, आहे, फक्त उलटं धरून वाचा.

पण लग्नसराई आली आणि भूमच्या खोलीत काम येईना. जुनी गिऱ्हाइकं आपल्या पोरींची लग्नं उरकून मोकळी झाली होती आणि नवीन येणार कुठून? मी गेलो की चौकट भिंतीला टेकवलेली दिसायची आणि मुलगी साड्यांना फॉल लावत बसलेली. मी विचारायचो, बरं आहे ना? ती म्हणायची, बरं हाय. मला तिचा आवाज ओळखता येत होता, पण मी तिकडं दुर्लक्ष करत होतो. जिवंत आहे, सुखरूप आहे, फॉल तर फॉल.

मग एका सकाळी निघालं.

येडशीची एक नवरी, दवाखान्यात नर्स होती, तिनं लग्नाचे फोटो स्वतःच्या पानावर टाकले होते. पाठीवरच्या नक्षीचा फोटो अगदी जवळून. खाली माझ्या मुलीचं नाव, भूमची म्हणून, आणि असं काम सोलापुरातसुद्धा मिळालं नाही म्हणून मनापासून लिहिलेलं कौतुक. त्याखाली बायकांची रांग लागली होती, ही ताई कुठं बसते, नंबर द्या. सगळ्यात वर. ज्या जागेसाठी लेखकानं अख्खं पुस्तक झिजवलं होतं त्या जागेवर, माझ्या मुलीचं नाव.

"निघालं का?" बायकोनं विचारलं. मी चपला घातल्या.

बसमध्ये मागच्या सीटवर काळा चष्मा लावलेला एकजण होता. तुळजापूरला मी बस बदलली, त्यानंही बदलली. धाराशिवलाही तेच. जावयानं माणूस पाठवला, माझ्यामागून हा बरोबर खोलीपर्यंत जाणार, याची मला खात्रीच पटली. मी एक थांबा आधी उतरलो आणि झाडामागं उभा राहून बघितलं. तोही उतरला आणि दोन्ही हातांत रिकामे डबे घेऊन खव्याच्या भट्टीकडं निघून गेला. मला स्वतःचा राग आला, पण पाय काही हळू पडेनात.

खोलीच्या दाराबाहेर चपला होत्या. बऱ्याच. आत डोकावलो तर चार बायका सतरंजीवर बसलेल्या, मधे चौकट ताणलेली आणि मुलगी सुई घेऊन कामाला भिडलेली. फोन वाजत होता, तो एका बाईनं उचलून तिच्या कानाला लावला.

"जयभीम पप्पा. बसा की."

मी बसलो नाही. तिला दाराशी बोलावलं आणि सगळं एकदम बोललो. त्या नवरीला ते फोटो काढून टाकायला सांग, नंबर बदल, खोली बदल, आजच चल, भूम नको, परांड्याकडं माझ्या ओळखीचा एक जुना कंडक्टर आहे, त्याच्याकडं सोय होईल. माझा आवाज चढला होता. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पप्पा, तुमी रोज माझं नाव टाकून बघायचा ना? म्या पण बघायचे. निघालं न्हाय की तुमाला बरं वाटायचं. मला वाटायचं, मेल्यागत झालंय. कामाला दोन हात हायेत, आन जगात कुठंच न्हाय."

"अगं, पण तो यील."

"यील."

"मग?"

तिनं आवाज खाली आणला नाही. आतल्या बायकांना ऐकू जाईल असंच बोलली.

"त्याच्या घरी होते तवा कुणाला दिसत हुते म्या? त्यानं दार लावलं की संपलं. शेजारनीला न्हाय, आईला न्हाय, तुमाला बी न्हाय. दिसत नव्हते म्हणूनच मारलं त्यानं, पप्पा. हितं आला तर चार बायांम्होरं यावं लागंल त्याला."

मे महिन्यात मी त्या घरी जाऊन आलो होतो. तिनं जेवायला वाढलं होतं, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून, उन्हाचा चटका असताना. जन्मभर दुसऱ्यांचे खिसे तपासणारा मी, पोटभर जेवून परत आलो होतो.

आतली एक वयस्क बाई उठली, दाराजवळची खुर्ची तिनं माझ्यासाठी झटकून ठेवली आणि म्हणाली, "बसा भाऊ. आमी हाव की." मग मी बसलो.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. त्या खुर्चीवर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडं बघत होतो, आणि कुणाची मोटारसायकल दारापुढं हळू झाली की मी खुर्चीतून अर्धा उठायचो. मुलगी पुन्हा चौकटीवर वाकली होती. थोड्या वेळानं तिनं मान वर न करता मोबाइल माझ्याकडं सरकवला.

"माझं हात गुतल्यात. नवं पान केलंय, त्याच्यावर पत्ता लिवा. फोटोत न्हाय, अक्षरात."

मी लिहिलं. भूम, गल्ली, कशाच्या समोर, दुकान कधी उघडं असतं. प्रत्येक ओळीला वाटत होतं, हे मी कुणाच्या हातात देतोय? तरी लिहीत गेलो. शेवटी एक रिकामी जागा राहिली.

"नाव?" मी विचारलं.

"माझं," ती म्हणाली. "आन आडनाव आपलं घाला."

दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. मग बरोबर लिहिलं आणि तिला दाखवलं. तिनं वाचलं, हुंकार दिला आणि सुईत पांढरा धागा ओवला.