आम्हीच केलं

नकाशावरचं ते नाव आता बदललंय. मीच बदलून घेतलं, चार-पाचदा विनंत्या पाठवून. तरी आठ-पंधरा दिवसांनी मी फोन काढून बघते, पुन्हा आलं तर नाही ना. नाव गेलं, पण माझ्या मनाला लागलेलं जात नाही, म्हणून लिहिते आहे.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावी मी चौथीला शिकवत होते. जिल्ह्याचा भूगोल शिकवायचा म्हणजे फळ्यावर मांजरा नदी काढायची. ती दरवर्षी माझ्या हातून वाकडीतिकडी यायची आणि पोरं हसायची. मग शाळेला टॅब मिळाले. मी ठरवलं, आपलं गावच फोनच्या नकाशावर आणायचं. तिथं गावाचं नुसतं नाव होतं, बाकी सगळं कोरं. पोरांना घेऊन मी गावभर हिंडले. बारव, मारुती, दर्गा, पिठाची गिरणी. जागेवर उभं राहायचं, फोटो काढायचा, म्हाताऱ्यांना जुनी माहिती विचारायची आणि नाव टाकायचं. दोन-चार दिवसांनी ते नाव कुणाच्याही फोनवर दिसायचं. पोरं हरखून गेली. मीही.

ओढ्यापलीकडं बौद्ध वस्ती आहे. तिच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, समतानगर. गावातले काही म्हातारे मात्र अजून जुनंच नाव घेतात, जातीच्या नावाला वाडा जोडलेलं. आम्ही कमानीपाशी पोचलो तेव्हा टॅब त्याच वस्तीतल्या एका मुलीच्या हातात होता. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. मी तिच्याकडून टॅब घेतला आणि जुनं नाव टाईप केलं.

"मॅडम, आमच्याकडं समतानगर म्हणतेत," ती म्हणाली. "बोर्ड बी हाय की."

"अगं, बोर्ड काल-परवाचा. जुनं नाव म्हणजे इतिहास. इतिहास खोडायचा नसतो."

मला माझं वाक्य इतकं आवडलं की संध्याकाळी ते डायरीत लिहून ठेवलं.

पाटलांच्या गल्लीचं जुनं नाव शोधायला मात्र मी गेले नाही. आणि लातुरात माझं घर आहे तिथं पूर्वी ढोरांचा बाजार भरायचा. पत्ता देताना मी कधी ढोरबाजार म्हटलेलं नाही. कॉलनीचं नाव सांगते, तेही पुढं 'श्री' लावून. माझा इतिहास मी बरा खोडला होता.

मग तालुक्याला शैक्षणिक प्रदर्शन भरलं. शिक्षण खात्याचे साहेब विचारणार, हे कुणी केलं? म्हणून आठ दिवस मी पोरांकडून घोटून घेतलं: ताठ उभं राहायचं, हात सरळ, शुद्ध बोलायचं, "आम्हीच केलं." खरं तर अर्धी नावं मीच टाकलेली. पण मुलांनी केलं म्हटलं की बाईंचं कौतुक दुप्पट होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. साहेबांनी विचारलं, त्याच मुलीनं खणखणीत उत्तर दिलं आणि मागं उभी राहून मी मान डोलावली. प्रमाणपत्र मिळालं. महिनाभर मी हरभऱ्याच्या झाडावरून उतरलेच नाही.

त्या मुलीची थोरली बहीण नांदेडला नर्सिंग शिकते. तीही एकेकाळी माझ्याच वर्गात होती. दिवाळीच्या सुट्टीत तिनं होस्टेलच्या मैत्रिणींना घरी जेवायला बोलावलं आणि फोनवरून लोकेशन पाठवलं. मैत्रिणींच्या फोनवर घराशेजारी समतानगर आलं नाही, ते दुसरं नाव आलं. चौघी येणार होत्या, दोघी आल्या. होस्टेलात तिनं जात कुणाला सांगितली नव्हती. सांगायची की नाही, सांगायची तर कधी, हे तिचं तिनं ठरवायचं होतं. ते मी ठरवून टाकलं.

शाळा उघडली त्या दिवशी ती धाकटीचं मनगट धरून व्हरांड्यात आली. फोन माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हे कुणी टाकलं?"

"ते... आपोआप येतं कधी कधी," मी म्हणाले.

"आपोआप न्हाई येत, मॅडम. कुणीतरी टाकावं लागतंय. पोरं नकाशा करायली व्हती म्हणं." मग ती धाकटीकडं वळली. "कुणी टाकलं गं?"

धाकटीनं माझ्याकडं पाहिलं. मला फक्त "मी" एवढं म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढं ते प्रमाणपत्र आलं, तक्रार अर्ज आला, गावातली चर्चा आली, आणि माझी दातखीळ बसली. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मी त्या लेकराचा नाही, माझाच विचार करत होते.

ती ताठ उभी राहिली. हात सरळ केले.

"आम्हीच केलं."

थोरलीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "आपल्याच घराला गं?" एवढं म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. धाकटी रडली नाही. ती माझ्याकडंच बघत होती, बरोबर म्हटलं का, असं विचारल्यासारखी.

आणि तालुक्याला डोलावली होती तशीच मी मान डोलावली.