चाळीस मिनिटं उशिरा

माझं मराठी सासूबाईंकडून आलेलं आहे, त्यामुळे रागावताना ते जास्त चांगलं येतं. मी मूळची बार्बाडोसची. शिकायला म्हणून लंडनला आले, एका पुणेकराशी लग्न केलं आणि तिथेच, हॅरोत राहिले. नवऱ्यामुळे मी मराठी शिकले असा लोकांचा समज आहे, तो साफ चुकीचा आहे. माझ्या नवऱ्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे आमचं बोलणं बॉयलर आणि कचऱ्याचे बिन या विषयांपुढे फारसं जात नाही. वीस वर्षांपूर्वी सासरे गेले आणि सासूबाई, म्हणजे आई, आमच्याकडे राहायला आल्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर टेस्ट मॅच होती. पहिल्या तासात मी 'पायचीत' शिकले आणि दुपारपर्यंत 'मेल्या, बॅट आहे की लाटणं?' हे अख्खं वाक्य.

मॅच कशी बघायची यावर मात्र आमचं कधीच जमलं नाही. आमच्या बेटावर मॅच बघणं हे अंगमेहनतीचं काम आहे. माझे एक मामा मैदानाच्या कडेला शंख घेऊन उभे असायचे, चौकार गेला की फुंकायचे. बाया डबे बडवायच्या. कोणी नुसतं बसलेलं दिसलं की लोक तब्येतीची चौकशी करायचे. आईंच्या घराण्यात नेमकं उलटं. जोडी जमली की जो जिथे असेल त्यानं तिथेच बसायचं. पायाला मुंग्या येवोत, दूध उतू जावो, उठायचं नाही. उठलात आणि विकेट पडली तर पाप तुमच्या माथी. त्या राहायला आल्या त्या पहिल्याच वर्षी वेस्ट इंडीजनं भारताचा सलामीवीर उडवला, तेव्हा मी आनंदाच्या भरात देवघरातला शंख उचलून फुंकला होता. आई दोन दिवस बोलल्या नाहीत. शंख फुंकला म्हणून नव्हे, कोणाच्या विकेटला फुंकला म्हणून.

तर या जूनमध्ये आईंचा गुडघा बदलला. ऑपरेशन झकास झालं. घरी सोडताना फिजिओनं, म्हणजे एडिनबराहून आलेल्या एका गोड पण कडक मुलीनं, मला बाजूला घेऊन बजावलं. सहा आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा. तासातासाला उठवा, चालवा. नाहीतर पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागेल.

भूल हा शब्द आमच्या घरात कोणी मोठ्यानं उच्चारत नाही. सासरे एका साध्या ऑपरेशनला गेले होते आणि भुलीतून जागेच झाले नाहीत. या वेळी आत नेताना आईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्याच अंगठीचा वळ माझ्या बोटावर उठला. मला तो हात पुन्हा तसा धरून घ्यायचा नव्हता. खरं सांगायचं तर आईंपेक्षा मलाच जास्त भीती वाटत होती.

आणि आई काय करत होत्या? सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून बसल्या होत्या. कारण भारताचा संघ इकडे दौऱ्यावर आला होता.

"आई, उठा. एक फेरी मारून येऊ."

"जोडी जमली आहे गं. आता कशी उठू?"

जोडी फुटली की "नवा आलाय, जरा स्थिरावू दे" आणि स्थिरावला की पुन्हा जोडी जमलेली. दहा दिवसांनी गुडघा साठ अंशांवर अडकला होता. नवऱ्यानं एकदा आवाज चढवून पाहिला, तर आईंनी टीव्हीचा आवाज चढवला.

मी गाडी शिकवते. माझ्या गाडीत माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो आणि शिकणाऱ्याच्या नकळत तो कसा दाबायचा हे मला नीट येतं. एके सकाळी मी तेच केलं. बरोबर अकराला, पहिला चेंडू पडायच्या आत, रिमोटनं टीव्हीवरची मॅच आहे तिथेच थांबवून ठेवली आणि आईंना चहा, औषध, वेणी यांत गुंतवलं. अकरा चाळीसला मॅच सुरू केली, 'लाइव्ह' म्हणून. भिंतीवरच्या घड्याळातला सेल आधीच काढला होता. मोबाइल माझ्या उशीखाली, आणि त्यावर पुढच्या चाळीस मिनिटांत काय होणार ते चेंडूगणिक लिहिलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला क्रिकेटमधलं सगळं कळत होतं.

आधी मी एक विकेट पडू दिली. "बघा आई, तुम्ही हललासुद्धा नाहीत, तरी गेला." मग उशीखाली डोकावून म्हटलं, "आमच्या बेटावरचा उपाय करून बघा. स्वयंपाकघरापर्यंत चालत जा." काठी टेकत, कण्हत, मला दोन शब्द ऐकवत त्या निघाल्या. दाराशी पोचल्या आणि चौकार. परत फिरल्या, दुसरा चौकार. आई थबकल्या, माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई!"

त्यानंतर त्या घरभर चालू लागल्या. विकेट पडणार असली की मी त्यांना बरोबर आधी बसवायची, धावा निघणार असल्या की उठवायची. अडचण एकच होती. आमच्या घराची भिंत शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या घराला लागून आहे. त्यांच्याकडे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे मॅच बघतात आणि विकेट पडली की अशी आरोळी ठोकतात की आमच्या कपाटातल्या कपबशा हलतात. आरोळी यायची आणि आमच्या टीव्हीत मात्र शांतपणे षटक चाललेलं असायचं.

"हे काय झालं त्यांना?" आईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

"कबड्डी लावतात हल्ली," मी म्हटलं आणि मोठ्यानं खोकले. आई "असं होय" म्हणाल्या. पुढचे कित्येक दिवस शेजारी कबड्डी खेळत राहिले आणि मी खोकत राहिले. गुडघा सत्तरवर आला, मग ऐंशीच्या पुढे.

सहा आठवडे एका सोमवारी पूर्ण होत होते. आदल्या दिवशी माझ्या मुलीची क्लबची मॅच होती. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिचं मराठी तिचंच आहे. "आजी, तू येणार ना? माझा बॅटिंग बघायला?" आजी काठी घेऊन तयार. मुलगी शेवटच्या जोडीत खेळायला उतरली, जिंकायला चौदा धावा हव्या होत्या, आणि आई खुर्चीतून उठून सीमारेषेच्या कडेनं चालू लागल्या.

एक फेरी झाली. पाच धावा निघाल्या. आई थांबेनात. दुसरी फेरी अर्धी झाली तेव्हा त्यांचा चेहरा घामानं थबथबला होता आणि भाकरी फुगावी तसा गुडघा पातळाखालून दिसत होता.

"आई, पुरे. बसा आता."

"वेडी आहेस का? मी बसले तर पोरगी आउट होईल."

उद्या फिजिओकडे जायचं होतं. आजच गुडघा बिघडला तर सहा आठवडे पाण्यात, आणि मग ती भूल. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं, की मॅच लाइव्ह नव्हती, मला सगळं आधीच माहीत असायचं, तुमच्या चालण्यानं एकही चौकार गेलेला नाही, मी खोटं बोलले, मला माफ करा.

आईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"अगं, घड्याळाचा सेल काढलास, शेजाऱ्यांचा कसा काढणार? पहिल्याच दिवशी कळलं मला. ते ओरडले की मी मनात मोजायची. चाळीस मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

"मग चालत का होतात?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "जोडीबिडी सगळं निमित्त होतं. मला भीती वाटत होती. उठले की दुखायचं, आणि दुखलं की हे आठवायचे. पण रोज सकाळी तू ते उशीखाली बघून घाबरी व्हायचीस. म्हटलं, ही माझ्यासाठी एवढी लबाडी करतेय, तर निदान चालावं तरी."

मला रडूच आलं. भर मैदानात, लोकांदेखत. आईंनी माझा हात धरला, या वेळी अगदी हलका, आणि जवळच्या बाकावर टेकल्या. पुढच्याच चेंडूवर माझी मुलगी त्रिफळाचीत झाली.

"बघ!" आई म्हणाल्या. "सांगत होते ना!"

सोमवारी गुडघा ब्याण्णव अंशांपर्यंत वाकला. फिजिओनं विचारलं, हे कसं जमवलंत? आई मला म्हणाल्या, "तिला सांग, आमचे शेजारी फार चांगले आहेत." मी सांगितलं. तिनं ते कागदावर लिहूनही घेतलं.

गुरुवारी शेवटची टेस्ट सुरू झाली. मी घड्याळात सेल घातला होता. अकराला पाच कमी असताना मी टीव्ही लावायला गेले, तर आईंनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि मॅच थांबवून ठेवली.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "आधी फिरून येऊ."

आम्ही रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात शेजाऱ्यांच्या उघड्या खिडकीतून ती आरोळी आली. मी खिशातल्या मोबाइलकडे हात नेला.

"खबरदार," आई म्हणाल्या आणि काठी पुढे टेकली. "चाळीस मिनिटं आहेत अजून आपल्याकडे. चल."