हात सैल पडला की

जुन्नरच्या जुन्या बाजारात महंमद हनीफ बांगड्या भरतात. हात कितीही आडमुठा असो, बांगडी चढणारच. त्यांचं निम्मं कसब जिभेत आहे. माहेर कुठलं, नातवंडं किती, येडगावला यंदा ऊस कसा, असं गोड बोलत राहायचं. बाईचं ध्यान बोलण्यात गेलं, की हात सैल पडतो आणि बांगडी आत जाते. चुकून फुटलीच, तर 'वाढली' म्हणायचं. सवाष्णीसमोर दुसरा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात एका साप्ताहिकाचा लेखक दुकानात चहा पिऊन, गप्पा मारून गेला. लेख छापून आला, तर पहिल्याच परिच्छेदात हनीफभाईंचं नाव आणि त्यांच्या बोटांची तारीफ! स्वतःचं नाव छापून आल्यावर पुढचं कोण वाचतो? भाईंनी लेख लॅमिनेशन करून भिंतीवर टांगला. पुढं रस्ता रुंद करायची नोटीस लागली, तेव्हा शेजारचा केरसुण्या विकणारा सावळेराम विचारायला आला. "भाई, आपण हरकत घ्यायची का?"

"कशाला राव? पेपर आपल्या बाजूनं हाय की."

भाईंच्या शब्दावर दुकानांची सगळी ओळ गप्प बसली. हरकतीची मुदत निघून गेली.

आणि आता त्यांच्या लेकीला, शिफाला, कॉलेजात लेखी काम मिळालं: पटवून देणारा एखादा लेख घ्या आणि त्याचं विश्लेषण लिहा. पोरगी लांब कशाला जाईल? तिनं भिंतीवरचाच उतरवला. समोर येडगावची सोनीबाई लेकीच्या लग्नाचा हिरवा चुडा भरायला बसली होती.

"अब्बा, सर म्हणतात, आधी लेखकाला काय हवंय ते शोधायचं. मग ते गळी उतरवायला त्यानं काय काय केलं, ते." शिफा बोट फिरवत वाचत गेली. "सुरुवातीला तुमची स्तुती. म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस आपलाच. मग पुरावा म्हणून तुमचंच वाक्य, 'आता गिऱ्हाईक येत न्हाई.' आणि शेवटी..." ती थांबली. "शेवटी म्हणतो, म्हणून ही दुकानं हटवावीत. अब्बा, तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

भाई तसं बोलले होते खरं. पण श्रावणात दुकानात पाय ठेवायला जागा नसते, हेही बोलले होते.

"श्रावणाचं लिहिलंय का त्यानं?"

"नाही."

"मग तू लिही. काय गाळलं, ते बी लिही."

राग यायला हवा होता, आला नाही. रडूही आलं नाही. भाईंची नजर शेजारच्या सावळेरामच्या दुकानाकडं गेली.

सोनीबाईचा हात अजून त्यांच्या हातात होता. बोलणं तुटलं तसा तो आखडला. भाईंनी सवयीनं बांगडी पुढं रेटली आणि काच कट्कन मोडली. आता भाई 'वाढली' म्हणतील, म्हणून सोनीबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"फुटली," हनीफभाई म्हणाले.